स्वल्पविराम कुठे द्यावा, कुठे देऊ नये

“नाही मी येणार.”
“नाही, मी येणार.”

ही दोन वाक्ये एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. पहिल्यात बोलणारा यायला नकार देतो. दुसऱ्यात तो समोरच्याचे म्हणणे खोडून काढतो आणि येणारच असे सांगतो. शब्द तेच, क्रम तोच, फरक फक्त एका स्वल्पविरामाचा. बोलताना हा फरक आवाजातून कळतो. लिहिताना आवाज सोबत नसतो, म्हणून हे चिन्ह लागते.

तरीही ‘जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे स्वल्पविराम द्या’ हा शाळेत ऐकलेला नियम मी कुणालाही सांगत नाही. श्वास ज्याचा त्याचा असतो. एखादा दहा शब्दांनंतर थांबतो, एखादा चारच शब्दांनंतर. श्वासाच्या हिशेबाने लिहिलेल्या मजकुरात नको तिथे स्वल्पविराम पडतात आणि हवे तिथे राहून जातात. मराठीसाठी त्याहून पक्की खूण आहे. कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे हे आपल्या भाषेत मुख्यतः प्रत्यय सांगतात: ने, ला, चा, त, ऊन. जिथे प्रत्यय हे नाते स्पष्ट सांगतो, तिथे स्वल्पविराम बहुधा नको असतो. जिथे प्रत्यय नसतो किंवा त्याच्यावरून दोन अर्थ निघू शकतात, तिथे स्वल्पविराम हवाच.

मोडीत शब्दांमध्ये जागासुद्धा न सोडता लिहीत आणि जुन्या पोथ्यांत दंडापलीकडे (।) फारशी चिन्हे नसत. तरी तो मजकूर वाचता येत असे, याचे एक कारण हेच. विरामचिन्हांचा आजचा संच एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर मराठीत रुजला. त्यात मराठीचे कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. म्हणजे चिन्ह बाहेरून आले. ते वापरायचे मात्र मराठी वाक्याच्या घडणीप्रमाणे.

आधी मजकूर लिहून पूर्ण करा. लिहिता लिहिता स्वल्पविरामांचा विचार करू नका, त्याने विचाराची लय तुटते. मग पुढच्या पायऱ्या एकेक करून मजकुरावरून फिरवा.

पहिली पायरी: क्रियापद शोधा

प्रत्येक वाक्यात पूर्ण क्रियापदे किती आहेत ते पाहा. ‘आला’, ‘राहावे’, ‘सांगतील’ ही पूर्ण क्रियापदे. ‘येऊन’, ‘असताना’, ‘होणाऱ्या’ ही नव्हेत. वाक्यात पूर्ण क्रियापद एकच असेल आणि यादी किंवा हाक नसेल, तर त्या वाक्याला बहुतेक वेळा एकही स्वल्पविराम लागत नाही, मग ते कितीही लांब असो.

सूचनाफलकांवर आणि पत्रकांत सर्वाधिक दिसणारी चूक इथलीच आहे:

“संस्थेच्या सर्व आजी-माजी सभासदांनी, येत्या रविवारी होणाऱ्या वार्षिक सभेला, वेळेवर उपस्थित राहावे.”

दोन्ही स्वल्पविराम काढून वाचा. काहीही अडत नाही. ‘सभासदांनी’मधला ‘नी’ आणि ‘सभेला’मधला ‘ला’ आपापले काम चोख करत आहेत. उलट स्वल्पविराम दिल्यामुळे कर्ता क्रियापदापासून तुटतो आणि वाचकाला वाटते, की मध्ये काहीतरी जादा माहिती घातली आहे. वाक्य लांब झाल्याची भीती वाटत असेल, तर त्याची दोन वाक्ये करा. लांबीवरचा उपाय पूर्णविराम आहे.

दुसरी पायरी: वाक्ये जिथे जोडली आहेत ते सांधे तपासा

पूर्ण क्रियापदे दोन किंवा अधिक असतील, तर मध्ये कुठेतरी सांधा असतो. स्वल्पविराम त्या सांध्यावर बसतो, आणि तो जोडणाऱ्या शब्दाच्या आधी. नंतर नव्हे. एवढे एक लक्षात ठेवले, तरी निम्म्या चुका टळतात.

“जर उद्या सकाळपर्यंत सगळ्यांची उत्तरे आली, तर दुपारीच काम सुरू करू.”
“जेव्हा मूळ प्रत हाती येईल, तेव्हा ताळा करू.”
“ज्यांनी अर्ज भरले नाहीत, त्यांनी ते आजच भरावेत.”

‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जो-तो’, ‘जरी-तरी’ या जोड्यांत पहिला भाग जिथे संपतो तिथे स्वल्पविराम. ‘तर,’ आणि ‘तेव्हा,’ असे लिहिणे चूक आहे, कारण ‘तर’ हा पुढच्या भागाचा पहिला शब्द आहे. वाक्य आटोपशीर असेल, तर स्वल्पविराम गाळलेला चालतो: “वेळ मिळाला तर ये.” इथे तो दिला, तर उगाच अडखळल्यासारखे होते.

‘पण’, ‘परंतु’, ‘कारण’ यांच्या आधीही स्वल्पविराम येतो: “तो आला, पण बोलला नाही.” मात्र ‘पण’ दोन प्रकारचा आहे. “मी पण येतो” यातला ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’. तो मागच्या शब्दाला चिकटलेला असतो, त्याला स्वल्पविराम लागत नाही. ‘पण’ दिसला की स्वल्पविराम टाकायचा अशी सवय लागली असेल, तर ती मोडा. आधी ‘सुद्धा’ घालून पाहा. अर्थ तोच राहिला, तर स्वल्पविराम नको.

‘म्हणून’चेही तसेच. “रस्ता बंद होता, म्हणून उशीर झाला” इथे तो दोन वाक्ये जोडतो. “येतो म्हणून सांगून गेला” इथे तो कुणाचे तरी बोलणे पकडून ठेवतो, तिथे स्वल्पविराम घातला तर बोलणे आणि सांगणे यांची ताटातूट होते. आणि ‘म्हणजे’: “तू लवकर ये, म्हणजे बोलता येईल” इथे हवा, “पूर्णविराम म्हणजे काय?” इथे नको.

आता ‘की’. यावरून संपादकांच्या टेबलावर जितके वाद होतात, तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दावरून होत नसतील. छापील मजकुरात तीन रूपे दिसतात:

“मला वाटते, की हा भाग बदलायला हवा.”
“मला वाटते की हा भाग बदलायला हवा.”
“मला वाटते की, हा भाग बदलायला हवा.”

माझे मत स्पष्ट आहे. पहिले रूप बरोबर, दुसरे छोट्या वाक्यात चालणारे, तिसरे चूक. ‘की’ हा पुढच्या वाक्याला घेऊन येणारा शब्द आहे, त्याला त्याच्या वाक्यापासून तोडण्याचे कारण नाही. बोलताना आपण ‘की’नंतर थांबतो हे खरे, आणि तिसरे रूप त्यामुळेच पसरले आहे. श्वासाचा नियम फसवतो तो असा. पर्याय विचारणाऱ्या ‘की’ला यातले काहीच लागू नाही: “आज की उद्या?”

जोडणारा शब्दच नसेल तर? “दार उघडले, दिवा लावला, पत्र वाचले.” छोटी, एकाच धाटणीची, एकामागोमाग घडणारी वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे मराठीत सहज चालते आणि वेगही येतो. पण लांबलचक आणि एकमेकांशी सैल संबंध असलेली वाक्ये अशी जोडू नका. तिथे पूर्णविराम द्या. संबंध जवळचा दाखवायचा असेल, तर अर्धविराम द्या.

‘ऊन’ची साखळी हा खास आपला प्रकार. “कागद नीट वाचून, आकडे तपासून, सह्या घेऊन त्याने फाइल पुढे पाठवली.” सारख्या वजनाच्या कृतींमध्ये स्वल्पविराम द्या, पण शेवटच्या ‘ऊन’नंतर, म्हणजे मुख्य वाक्याच्या आधी, देऊ नका. एकच ‘ऊन’ असेल, तर बहुधा काहीच नको: “कागद वाचून त्याने फाइल पुढे पाठवली.”

तिसरी पायरी: याद्या

यादीतल्या शेवटच्या दोन घटकांमध्ये ‘आणि’, ‘व’ किंवा ‘किंवा’ आला, की त्याच्या आधी स्वल्पविराम नको: “चित्रे, तक्ते आणि नकाशे”. इंग्रजीत या जागी स्वल्पविराम द्यावा की नाही यावर जुना वाद आहे, आणि तो कोर्टापर्यंत गेलेला आहे. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाचा वाढीव मोबदला ज्या कामांना लागू नाही, त्यांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पाठवणी किंवा वितरण’ यांसाठी माल बांधणे असे म्हणायचे होते, की ‘बांधणे’ हे एक काम आणि ‘वितरण’ हे दुसरे, ते कळत नव्हते, कारण ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. माल बांधण्याचे नव्हे, तर वितरणाचे काम करणाऱ्या एका दूध कंपनीच्या वाहनचालकांनी वाढीव मोबदल्यासाठी दावा लावला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाचा कौल चालकांच्या बाजूने गेला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरना तडजोड झाली.

मराठीत हेच लिहायला बसा. “पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणे” आणि “पाठवणीसाठी बांधणे किंवा वितरण करणे” यांपैकी एक निवडावेच लागते. प्रत्यय कुठेतरी लावावाच लागतो आणि तो लावताच प्रश्न सुटतो. म्हणून ‘आणि’च्या आधीचा स्वल्पविराम इंग्रजीच्या सवयीने मराठीत आणू नका. अपवाद एकच: घटकाच्या पोटातच ‘आणि’ असेल, तर घटक कुठे संपला हे दाखवायला तो द्यावा. “प्रश्न आणि उत्तरे, शब्द आणि अर्थ, आणि शेवटी सूची.”

मराठी यादीला शेवटी ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचे’ असे शेपूट असते: “लेखक, चित्रकार आणि मुद्रक यांना”. ‘यांना’च्या आधी स्वल्पविराम कधीही येत नाही. ‘वगैरे’ आणि ‘इत्यादी’च्या आधीही मी तो देत नाही, कारण हे शब्दही यादीचे शेपूटच आहेत.

यादीत एक सापळा आहे, तो जवळून पाहा:

“माझे दोन भाऊ, एक वकील आणि एक डॉक्टर भेटायला आले.”

आले किती जण? भावांपैकी एक वकील आणि एक डॉक्टर असेल, तर दोन. तसे नसेल, तर चार. इथे सगळे घटक प्रथमेत आहेत, म्हणजे प्रत्ययाची मदत नाही, आणि स्वल्पविराम यादीचाही असू शकतो, खुलाशाचाही. स्वल्पविराम हलवून हे सुटत नाही. खुलासा असेल, तर डॅश वापरा: “माझे दोन भाऊ – एक वकील, एक डॉक्टर – भेटायला आले.” यादी असेल, तर आपल्याकडे ‘असे’ घालून बेरीज सांगायची सोय आहे: “माझे दोन भाऊ, एक वकील आणि एक डॉक्टर असे चौघे भेटायला आले.”

विशेषणांसाठी कसोटी सोपी. मध्ये ‘आणि’ घालून वाक्य नैसर्गिक वाटले, तर स्वल्पविराम द्या. ‘जुने, मोडके कपाट’ हे जुने आणि मोडके आहे. ‘जुने लाकडी कपाट’ हे जुने आणि लाकडी असे आपण म्हणत नाही, म्हणून तिथे नको.

अंकांच्या जोड्यांकडे लक्ष द्या. ‘दोन-तीन दिवस’ म्हणजे अंदाज, ‘दोन, तीन आणि पाच तारखेला’ म्हणजे नेमके दिवस. अंदाजाला संयोगचिन्ह, नेमक्या यादीला स्वल्पविराम.

चौथी पायरी: जिथे प्रत्यय मदतीला येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथे चुकलेला स्वल्पविराम अर्थच बदलतो.

हाक मारणे हे पहिले ठिकाण. ‘मुलांनो, इकडे या’ यात ‘नो’मुळेच हाक कळते. स्वल्पविराम राहिला, तर मजकूर गबाळा दिसेल, अर्थ बिघडणार नाही. पण कितीतरी नावांचे आणि नात्यांचे हाकेचे रूप मूळ रूपासारखेच असते.

“ताई आल्या का?”
“ताई, आल्या का?”

पहिला प्रश्न ताईंबद्दल आहे. दुसरा ताईंनाच विचारलेला आहे, कदाचित दुसऱ्याच कुणाबद्दल. फोनवरच्या निरोपांत हा स्वल्पविराम सर्रास गाळला जातो आणि मग ‘कोण आल्या?’ असा उलट प्रश्न येतो. हाक वाक्याच्या मध्ये असेल, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या: “आणि बरं का, काका, ते पत्र मिळालं.” ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ आणि त्यांच्यापुढचे नाव यांच्या मध्ये मात्र तो नको: “अगं मीना, थांब जरा.” हाक मीनापाशी पूर्ण होते.

हो, नाही, नको, बरं यांनी उत्तर सुरू होत असेल, तर लगेच स्वल्पविराम. सुरुवातीच्या दोन वाक्यांत पाहिले तसे ‘नाही’ हा शब्द स्वतंत्र उत्तरही असतो आणि क्रियापदाचा नकारही. ‘मी’सोबत तो प्रत्यय घेत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. “आज नको उद्या ये” हेही वाचणाऱ्याने सावरून घ्यायचे वाक्य आहे. “आज नको, उद्या ये” असे लिहिले, की सावरावे लागत नाही.

तिसरे ठिकाण कमी लोकांच्या लक्षात येते. हे वाक्य घ्या:

“त्याने हसत बोलणाऱ्या मुलीकडे पाहिले.”

हसतो कोण? ‘हसत’ला लिंगही नाही, वचनही नाही. ते ‘बोलणाऱ्या’ला चिकटू शकते, म्हणजे मुलगी हसते; किंवा ‘पाहिले’ला चिकटू शकते, म्हणजे तो हसतो. “त्याने हसत, बोलणाऱ्या मुलीकडे पाहिले” असा स्वल्पविराम दिला, तर दुसरा अर्थ पक्का होतो. पण हा स्वल्पविराम ओझे पेलतोय हे दिसते, आणि टंकताना तो गळला, की अर्थ पुन्हा उलटतो. शब्द जागेवर नेऊन ठेवणे जास्त चांगले: “बोलणाऱ्या मुलीकडे त्याने हसत पाहिले.” ‘नवीन पुस्तकांचे कपाट’ म्हणजे नवीन पुस्तके की नवीन कपाट, हाही तोच पेच. ‘जुने पुस्तकांचे कपाट’ आणि ‘जुन्या पुस्तकांचे कपाट’ यांत तो येत नाही, कारण ‘जुना’ रूप बदलतो, ‘नवीन’ बदलत नाही. ‘पुस्तकांचे नवीन कपाट’ असे लिहा आणि मोकळे व्हा. स्वल्पविरामावर अर्थ टांगण्याआधी शब्द हलवून पाहायचा, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

पाचवी पायरी: जोडीने येणारे स्वल्पविराम

मध्येच घातलेला शब्दसमूह दोन स्वल्पविरामांत असतो: “हा नियम, खरे पाहता, फार जुना नाही.” एक दिला आणि दुसरा विसरला, तर वाक्य लंगडते. तपासण्यासाठी मधला भाग बोटाने झाका. उरलेले वाक्य धड वाचता आले, तर दोन्ही बरोबर बसले आहेत. ‘मात्र’, जोर देणारा ‘तर’, ‘सुद्धा’ हे शब्द असे घातलेले नसतात, मागच्या शब्दाचाच भाग असतात. “मी मात्र गेलो नाही” यात काही नको.

सहावी पायरी: संवाद आणि पत्रे

“तो म्हणाला, ‘मी येतो.’” असे लिहिताना अवतरणाच्या आधी स्वल्पविराम. बोलणे आधी आणि ‘म्हणाला’ नंतर असेल, तर स्वल्पविराम अवतरणाच्या आत: ‘मी येतो,’ तो म्हणाला. बोलणे प्रश्नचिन्हाने किंवा उद्गारचिन्हाने संपत असेल, तर तेच पुरे. ‘?,’ असे दुहेरी चिन्ह कधीही नको. पत्रात ‘महोदय’ किंवा ‘प्रिय मीना’ या मायन्यानंतर स्वल्पविराम येतो, आणि शेवटी ‘आपला नम्र’ यानंतरही.

सातवी पायरी: आकडे

आपल्या पद्धतीत उजवीकडून पहिले तीन अंक सोडून स्वल्पविराम, मग दर दोन अंकांनी: १२,३४,५६७. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर तीन अंकांनी: १,२३४,५६७. संख्या तीच, पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. युरोपातील अनेक देशांत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे, म्हणजे तिथला ३,१४ हा आपला ३.१४. वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये दशांशासाठी बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही मान्य केले आणि अंकांचे गट पाडायला या दोहोंपैकी काहीही न वापरता नुसती जागा सोडावी असे म्हटले. शास्त्रीय मजकूर लिहीत असाल, तर हे पाळा. सन, फोन क्रमांक, पिन कोड यांत स्वल्पविराम नसतो. वाराचे नाव आले, तर त्याच्यानंतर द्या: शुक्रवार, १५ ऑगस्ट १९४७.

आठवी पायरी: टंकन

स्वल्पविराम आधीच्या अक्षराला चिकटून, त्याच्यानंतर एक जागा. आधी जागा सोडली, तर ओळ तिथेच तुटू शकते आणि पुढची ओळ स्वल्पविरामाने सुरू होते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, दंडाला देवनागरीत स्वतःचा क्रमांक आहे, पण स्वल्पविरामाला नाही. तो रोमन लिपीबरोबर सामाईक, क्रमांक ४४. इतरत्रून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी अरबी किंवा चिनी लिपीतला स्वल्पविराम येतो. तो वेगळा क्रमांक असतो, म्हणून ‘शोधा आणि बदला’ केल्यावरही सापडत नाही. सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे तक्त्यातली माहिती साध्या मजकुरात ठेवणाऱ्या फाइलमध्ये, स्वल्पविराम म्हणजे रकाना संपला. पत्त्यासारखा मजकूर, ज्याच्या आतच स्वल्पविराम असतात, दुहेरी अवतरणात ठेवला नाही, तर पुढचे सगळे रकाने सरकतात.

आता एका उताऱ्यावरून या पायऱ्या फिरवू.

“नमस्कार मीनाताई तुम्ही पाठवलेला मजकूर, मी वाचला असून, त्यात काही बदल सुचवायचे आहेत. मला वाटते की, पहिला परिच्छेद लांबला आहे पण, दुसरा छान झाला आहे. जर तुम्हाला वेळ असेल तर, आपण तीन चार दिवसांनी बोलू. चित्रे, तक्ते, आणि शीर्षके, यांची यादी सोबत जोडली आहे.”

दुरुस्त केल्यावर:

“नमस्कार मीनाताई, तुम्ही पाठवलेला मजकूर मी वाचला असून त्यात काही बदल सुचवायचे आहेत. मला वाटते, की पहिला परिच्छेद लांबला आहे, पण दुसरा छान झाला आहे. तुम्हाला वेळ असेल तर आपण तीन-चार दिवसांनी बोलू. चित्रे, तक्ते आणि शीर्षके यांची यादी सोबत जोडली आहे.”

मूळ आठ स्वल्पविरामांपैकी फक्त ‘चित्रे’नंतरचा जागेवर राहिला. ‘की’ आणि ‘पण’ यांच्या नंतरचे दोन त्यांच्या आधी गेले, पाच उडाले आणि हाकेचा एक नव्याने आला. दुसऱ्या वाक्यात अजून एक निर्णय लिहिणाऱ्याच्या हाती उरतो. आहे तसे ठेवले, तर दुसरा परिच्छेद छान झाला हेही ‘मला वाटते’च्या पोटात येते. ती शंका नसून ठाम दाद असेल, तर स्वल्पविराम पुरणार नाही, तिथे वाक्य तोडा: “मला वाटते, की पहिला परिच्छेद लांबला आहे. दुसरा मात्र छान झाला आहे.”